पोटात काय घातलंय?

सातारा-सांगली पट्ट्यातल्या प्रत्येक आळीत एक तरी बाई अशी असते, की तिच्यादेखत जुनं कापड फेकायची कोणाची छाती होत नाही. आमच्या आळीत त्या आक्का आहेत. माहेर मिरजेजवळ कृष्णाकाठचं, सासर साताऱ्याचं. १९४९ साली सरकारनं साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं; तालुके वाटले, कचेऱ्या वाटल्या, वाकळ तेवढी कोणी वाटली नाही. ती दोन्हीकडे शिवतात आणि दोन्हीकडच्या बायका समजतात की पलीकडच्यांना ती शिवता येत नाही. आक्का दोन्हीकडच्या असल्यामुळे त्यांच्या मते ती कोणालाच येत नाही.

वाकळ म्हणजे पुण्याकडचे लोक जिला गोधडी म्हणतात आणि हल्ली दिवाणखान्यात भिंतीवर टांगतात, ती. गोधडी म्हटलं की लिहिणाऱ्यांना लगेच मायेची ऊब वगैरे आठवते. मीही एकदा आक्कांसमोर तसलं काहीतरी बोललो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मायेनं थंडी जाती व्हय भावजी? मायेचं किती थर घातल्यात ते सांगा."

वरची ठिगळं, रंग, नक्षी यांत आक्कांना काडीचा रस नाही. ते लेकीसुनांचं काम. कोणी नवी वाकळ कौतुकानं पुढे केली की आक्का तिचा कोपरा अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरतात, डोळे मिटतात आणि बोटं हळूहळू एकमेकांवर फिरवतात. आतले थर एकमेकांवर सरकतात, ते त्यांना बोटात मोजता येतात. मग डोळे न उघडता प्रश्न येतो, "पोटात काय घातलंय?" आणि समोरची बाई उत्तर जुळवेपर्यंत निकालही लागतो. "दोन लुगडी हायती. एक पलंगपोस हाय. आन मधी काय तर नायलान घुसलंय. उसवा."

या बोटांमुळे आक्कांचं माणसांकडे बघणं बिघडलेलं आहे. तुम्ही त्यांच्याशी पाणीकपातीवर बोलत असता आणि त्यांची नजर तुमच्या सदऱ्याच्या शिवणीवर असते. तो तुम्हाला शोभतो का, याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही. तो अजून किती धुण्यांनी हातात येईल, हा हिशेब चाललेला असतो. नवं कापड भरीला चालत नाही. त्यात खळ असते, ते पहिल्या धुण्याला आटतं आणि आटताना शेजारच्या थरांना ओढून घेतं. "नवं आलं की सगळ्यांस्नी आपल्याकडं वढतंय," असं आक्का म्हणतात आणि तीन सुनांपैकी एक तरी स्वयंपाकघरात भांडं जोरात ठेवते. फार जुनंही चालत नाही, कारण विरलेल्या कापडात टाका धरत नाही. मधलं वय हवं. ते ओळखायची परीक्षा कानाची: काठाशी दोन बोटं फाडून बघायचं, टर्र असा आवाज आला तर घ्यायचं, फस्स झालं तर पोतेऱ्याला.

दुसरी परीक्षा काडेपेटीची. सुती दोरा पेटवला की कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन, टेरीकॉट वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी धरतं. ही माहिती कोणत्याही कापडबाजारात मिळते, पण ती भर मांडवात वापरणारी बाई मी एकच पाहिली. कोरेगावला लग्न होतं. अक्षता पडल्या होत्या, पंगत बसायची होती. आक्कांच्या पुढच्या खुर्चीवर वरपक्षाच्या कोणी मावशी छान चौकड्याची साडी नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्या पदराचा एक दोरा सुटून लोंबत होता. आक्कांनी तो अलगद तोडला, कनवटीची काडेपेटी काढली आणि खुर्चीखाली हात नेऊन पेटवला. मावशींना वास आला. त्या वळून बघतात तो आक्का बोटावरचा मणी निरखत होत्या. "सुती म्हणून दिलीया तुमास्नी," आक्का कळवळून म्हणाल्या, "फसिवलंय." ती साडी वधूकडचा मानपान होती. पुढचा अर्धा तास काय झालं ते दोन्हीकडच्या मंडळींनी अजून विसरलेलं नाही.

जीन्स, बनियनी, टीशर्ट, शाळेचे गणवेश या सगळ्याला आक्का खोगीरभरती म्हणतात. जीन्समधून सुई जात नाही आणि गेली तर परत येत नाही. टीशर्ट ताणतो आणि मग त्याचा झोळ पडतो. पोस्टमनचा खाकी सदरा एकदा त्यांनी बाहीला चिमटा काढून तपासला होता. "दणकट हाय, पर सुई मोडंल," म्हणून सोडून दिला. पोस्टमननं तेव्हापासून पत्रं फाटकाच्या फटीतून टाकायला सुरुवात केली.

आता हिशेब. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. वाकळ धरा दोन मीटर लांब. लुगड्याचा पन्हा माणसाच्या अंगाला पुरतो. तेव्हा एका लुगड्याचे बरोबर चार थर पडतात आणि वर वीतभर उरतं, ते ठिगळाला. धोतराच्या एका पानाचे दोन थर, जोडीचे चार. पांघरायच्या वाकळेला चार-पाच थर, अंथरायच्या वाकळेला सात-आठ, बाळाच्या दुपट्याला दोन. म्हणजे एक म्हातारी आणि एक म्हातारा मिळून अंथरायची एक वाकळ होते. इतकं सोपं गणित होतं. मग सहावारी आली. साडेपाच मीटर. तिचे पडतात पावणेतीन थर. पावणेतीन थरांचं माणसानं करायचं काय? डोक्याकडे तीन आणि पायाकडे दोन? आक्कांचा आधुनिकतेवर जो राग आहे तो फॅशनवर नाही, शीलावर नाही, संस्कृतीवर नाही; तो या पाव थरावर आहे.

त्यात लुगडी संपत आली आणि धोतरं तर संपलीच. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला, त्यानंतर या भागाला सुती कापडाची कधी ददात नव्हती. धोतर, लुगडं, मांजरपाट, पॉपलीन, सगळं सुती आणि सगळं शेवटी वाकळेत. सत्तरीच्या पुढे टेरीकॉटनं पाय पसरले. कापड फाटेनासं झालं. बाकीच्या जगाला त्याचा आनंद झाला. आक्कांच्या दृष्टीनं मात्र जे फाटत नाही, घाम पीत नाही आणि टाक्यातून निसटतं, ते कापड जन्माला येऊन काय उपयोग? आमच्या आळीत आता अंगावर धोतर वागवणारे एकटे तात्या उरलेत. निवृत्त मास्तर, पांढरंशुभ्र धोतर, निऱ्या कशा सुरीनं कापल्यासारख्या. आक्का संध्याकाळी ओट्यावर बसल्या की तात्या फिरायला निघतात. "तात्या, ह्ये कवाचं?" "गेल्या दिवाळीचं." "म्हंजी अजून वरीसभर जाईल." तात्या पावलं उचलतात. अलीकडे त्यांचं धोतर गच्चीवर वाळत नाही, न्हाणीत वाळतं.

आक्कांची खरी मातब्बरी दिसते ती भर मांडताना. हे काम उन्हाळ्यात, शेतातली गडबड ओसरली की. पूर्वी अंगण असायचं, आता गच्ची. सकाळी ऊन चढायच्या आत अस्तर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि एक वीट ठेवायची, आणि मग थर. कोण कुठे जाणार हे आक्कांनी आदल्या रात्री ठरवलेलं असतं. मऊ, पार हातात आलेलं कापड अंगाच्या बाजूला. दणकट कापड पायाकडे, कारण झोपेत माणूस वाकळ पायानंच ओढतो आणि ती तिथंच आधी फाटते. काठ, जर, शिवण, खिसा यांतलं काही आत जायचं नाही, रात्री बरगडीला टोचतं. दोन थरांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथं वरंबा उठतो. माण-खटावकडच्या एका म्हाताऱ्या पाव्हण्यासाठी शिवायची होती तेव्हा त्यांनी मधोमध घोंगड्याचा तुकडा घातला. ऊब लोकरीची, अंगाला स्पर्श सुताचा. घोंगडं उघडं अंगावर घ्यायचं तर कातडीही तशीच लागते, आणि पाव्हणा म्हातारपणी मऊ झाला होता.

सगळ्यात मोठा नियम असा की जाडंभरडं आणि तलम शेजारी ठेवायचं नाही. वापरात दोन्ही एकमेकांवर घासतात आणि जाडं तलमाला खातं. मध्ये काहीतरी मध्यम प्रतीचं लागतं. मागच्या उन्हाळ्यात आक्कांच्या थोरल्या जावेचं इरकल आणि धाकटीची तलम साडी एकाच वाकळेत आली. थोरली बाई दांडगी होती, धाकटी नाजूक. हयातभर दोघींचं पटलं नाही आणि घर आक्कांनी सांभाळलं. आक्का दोन्ही कापडं मांडीवर घेऊन थोडा वेळ बसल्या.

"ह्या दोघींच्या मधी काय घालू?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत धाकटी सून म्हणाली, "आत्या, मामांचं धोतर घाला."

"त्येंच्यामुळंच तर भांडणं व्हती," आक्का म्हणाल्या आणि स्वतःचं लुगडं घातलं.

थर पडले की तळवा फिरवायचा. मधून कडेला, मधून कडेला, हवा आणि सुरकुत्या बाहेर काढत. मग लांबलांब कच्चे टाके, आणि मग धावदोरा. कडेपासून सुरुवात, कडेला समांतर एकेक फेरा, आत आत येत मध्यावर संपवायचं. चार बायका चार बाजूंना बसतात आणि आक्का मधे उभ्या राहून बोलतात. एका फेऱ्यापासून दुसरा फेरा किती लांब? बोटभर. जरा सुटलं की भर गोळा होते. हे काम आक्कांच्या देखरेखीखाली एकदा केलेली बाई दुसऱ्या वर्षी मे महिन्यात माहेरी जाते.

एवढी यातायात करण्यापेक्षा कापूस का घालू नये, असं विचारणारे असतात. त्यांना आक्का नदाफाकडे पाठवतात. कापूस पिंजून गादी, लेप, दुलई करावी ती त्यांनीच. धनुकलीच्या तातीचा तो टंग टंग आवाज आता क्वचित येतो, पण कला त्यांची. फक्त कापसाची दुलई पाण्यात घालता येत नाही. घातली की आतला कापूस गठ्ठे धरतो आणि पुन्हा उसवून, पिंजून भरावी लागते. धाकट्या मुलानं पुण्याच्या प्रदर्शनातून जयपुरी रजई आणली, आत अगदी हलका कापूस, सगळी रजई पिशवीत मावते. आक्कांनी कोपरा बोटात धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुलाला वाटलं, आवडली. "हितं कायच न्हाई रं," आक्का म्हणाल्या. "रिकामी दिलीया. पैसं परत आण."

वाकळ मात्र धुवायची असते आणि ती धुण्यातच कळते. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीला जातं. साताऱ्याच्या आमच्या भागातली बरीच मंडळी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जातात. कोणी टेम्पोनं, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. सोडा घातलेल्या पाण्यात वाकळ पायानं तुडवायची, दगडावर बडवायची, दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळायची. सात थरांची भिजलेली सुती वाकळ उचलायला धडधाकट माणसाला घाम फुटतो. आणि मग दगडांवर, झुडपांवर, घाटाच्या पायऱ्यांवर त्या पसरल्या की आक्का आपलं धुणं सोडून पाहणीला निघतात. वाळत घातलेल्या वाकळेचं पोट लपत नाही. उन्हाकडे बघितलं की भर कुठे आहे आणि कुठून पळाली ते दिसतं. "ही कुणाची? वर चार ठिगळं कमी लाव, बाई, आन आत एक धोतर घाल." "हिच्या पोटात पडदा हाय." त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. एका बाईनं विचारलंही, तुम्ही कोण? "मी न्हवं," आक्का म्हणाल्या, "वाकळच सांगतीया."

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आक्कांच्या माहेरच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर त्या भावाकडे गेल्या. चिखलानं जड झालेल्या वाकळा त्यांनी एकीकडून उसवल्या, थर सुटे केले, सुटे धुतले, सुटे वाळवले आणि पुन्हा मांडल्या. आईची दोन लुगडी जशीच्या तशी निघाली. गावात मदतीची ब्लँकेटं ढिगानं आली होती, आक्कांनी एकाला हात लावला आणि तो पदराला पुसला. पंचनाम्याला आलेल्या माणसाकडे कपडे आणि भांडी यांचा रकाना होता. आक्कांनी त्याला विचारलं, वाकळ कशात धरणार? तो म्हणाला, कपड्यांत. आक्कांनी त्याला बसवून घेतलं आणि एका वाकळेत कपडे किती असतात ते मोजून सांगायला सुरुवात केली. थोरल्या भावानं चहा दिला म्हणून तो सुटला.

आता आक्कांची नात न्यू जर्सीत आहे. तिकडे तिनं रविवारी वाकळा शिवण्याचा वर्ग लावला. बंगालची कांथा, आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकातली कौदी, अमेरिकेतल्या बायकांची तुकडेजोड, सगळं तिथं शिकवतात. भर दुकानात तयार मिळते, गुंडाळी करून, जाडीप्रमाणे. नातीनं एक गुंडाळी पाठवली. आक्कांनी तिचं टोक उकललं, चिमूटभर तंतू ओढून काढले, काडेपेटी घेतली. राख झाली, पण राखेत बारीक मणी होते. वेष्टनावर लिहिलेलंच होतं: ८० टक्के सूत, २० टक्के पॉलिस्टर. "वीस टक्के खोटं हाय," आक्कांनी निकाल दिला. मग मोबाइलवर नात दिसायला लागली.

"आज्जी, याला दाट टाके लागत नाहीत. आठ-दहा इंचांवर एक टाका घातला तरी भर हलत नाही."

"धा इंचांवर? त्याला शिवणं म्हंत्यात का कुंपण?"

"आणि मधून सुरू करून बाहेर जायचं. कडेकडून आलं की मध्ये फुगा येतो."

"फुगा येतो त्यो हाताच्या आळसानं. दर फेऱ्याला तळवा फिरवायचा. कडा आदी मिटवल्या न्हाईत तर जुनं कापड उसवत सुटतंय."

दोघींचंही खरं होतं. तिकडची भर नवी, जाड, एकसंध. ती मधून दाबत नेली की बसते. इकडे भर म्हणजेच जुने थर आणि त्यांच्या कडांचे दोरे क्षणोक्षणी निसटायला टपलेले. त्यांना आधी बांधून घ्यावं लागतं. हे मी दोघींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. नातीनं "थँक यू काका" म्हटलं. आक्का म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मधी पडू नका, तुम्ही टेरीकॉट घालताय." गुंडाळीची त्यांनी घडी करून मिक्सरखाली घातली. आवाज कमी येतो.

आणि या दसऱ्याच्या आधी तात्या आले. हातात घडी केलेलं धोतर. गुडघे दुखतात, निऱ्या घालवत नाहीत, मुलानं पायजमे आणून दिलेत, असं काहीबाही सांगत त्यांनी ते आक्कांच्या पुढे ठेवलं. मागे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उभ्या होत्या. आळीतल्या तीन-चार बायका, का कोण जाणे, त्याच वेळी ओट्यावर आल्या. आक्कांनी हात पदराला पुसून धोतर उलगडलं. पन्हा बघितला. उन्हाकडे धरलं. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. मग, केवळ सवयीनं, काठाचा एक दोरा ओढला आणि काडी ओढली.

दोरा वितळला. टोकाला काळा मणी.

आक्कांनी दुसरा ओढला. तोही.

"दुकानदारानं सांगितलं, इस्त्री लागत नाही," तात्या पुटपुटले. "बरीच वर्षं हेच घेतोय."

"तात्या," आक्कांचा आवाज आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, "इतकी वर्सं मी तुमच्यावर डोळा ठिवून व्हते!"

ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. काकू पुढे झाल्या, धोतर उचललं, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "नको असलं तर राहू दे. आमच्याकडं पायपुसण्याला होईल."

"पायपुसण्याला बी सुतीच लागतंय, काकू," आक्का म्हणाल्या. "ह्ये कुठलं पाणी टिपतंय?"